गाडीचा क्रॉस गेलाय का? ओळखायचा कसा, बदलायचा कसा

रिव्हर्स काढून पहिला गिअर टाकला, क्लच सोडला की बुडाखालून ‘टण्ण’. एकदाच. मग गाडी गुपचूप चालायला लागायची. माझ्या जुन्या जीपच्या या आवाजाकडे मी सहा-आठ महिने काणाडोळा केला. सोलापुरातून विजापूर रोडनं मंद्रूपला शेतावर जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, एवढाच तिचा प्रवास. शेवटी एका गॅरेजात दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि निकाल दिला, “गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

आमच्या मागच्या गल्लीत एक चाचा राहतात. उभी हयात जीप आणि टेम्पोखाली घालवलेले, आता धंदा बंद केलाय. ते चप्पल काढून गाडीखाली शिरले, दोन्ही हातांनी शाफ्ट धरून पिळला आणि खालूनच म्हणाले, “क्रॉस गेलाय बे. गिअरबॉक्सला काय धाड भरलीय?”

क्रॉस म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब शाफ्टचा सांधा. काही शे रुपयांचा तो क्रॉस आणि एक सकाळ, एवढंच ते काम निघालं. अर्थात मी ते पहिल्या वेळी चुकवलं आणि दुसऱ्यांदा करावं लागलं, ते पुढे येईलच.

आधी एक खात्री करा, तुमच्या गाडीला हा भाग आहे तरी का? मारुती 800, अल्टो, स्विफ्ट, इंडिका या गाड्यांत इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना जाते, त्यामुळे खाली लांब शाफ्ट नसतोच. अशा गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आवाज येत असेल तर तो पुढच्या चाकाचा सांधा, सीव्ही जॉइंट, त्याची कहाणी निराळी. ओम्नी, ईको, जिप्सी, बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, क्वालिस, जुनी इनोव्हा आणि क्रिस्टा, छोटा हत्ती, झालंच तर कुणी जपून ठेवलेली पद्मिनी किंवा अॅम्बॅसेडर, यांच्यात मात्र गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) प्रोपेलर शाफ्ट गेलेला असतो.

गिअरबॉक्स चासीला धरून एका जागी बसलेला आणि मागचा अॅक्सल स्प्रिंगांवर वरखाली नाचणारा. या दोघांना सरळ लोखंडी नळीनं जोडलं तर पहिल्याच खड्ड्यात काहीतरी तुटेल. म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना क्रॉस बसवतात. अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याच्या चार दांड्या, प्रत्येक दांडीवर एक कप आणि कपाच्या आत कडेनं उभ्या लावलेल्या बारीक सुया, म्हणजे निडल बेअरिंग. समोरासमोरचे दोन कप शाफ्टच्या बेचक्यात बसतात, उरलेले दोन पलीकडच्या बेचक्यात. या बेचक्याला योक म्हणतात. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको, ट्रॅक्टरवरून रोटाव्हेटर फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टला हेच क्रॉस असतात. गंमत अशी की रोटरच्या क्रॉसला न चुकता ग्रीस मारणारा माणूस स्वतःच्या बोलेरोखाली पाच-पाच वर्षं ग्रीस गन नेत नाही.

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला हूक्स जॉइंट म्हणतात, सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावानं. मोटारीत तो रुळवला क्लॅरेन्स स्पायसरनं, त्याचं पेटंट 1903 चं. या जॉइंटला एक खोड आहे आणि ती माहीत असली की पुढच्या अर्ध्या सूचना आपोआप पटतात. शाफ्ट तिरका असला की अलीकडची बाजू एकसारख्या वेगानं फिरली तरी पलीकडची तशी फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन 10 अंशांचा असेल तर हा फरक दोन्हीकडे दीड टक्क्याच्या आसपास, 20 अंशांना सहा टक्क्यांवर. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून फेडतो, पण शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत असले तरच. ती रेष चुकली तर फेड पुरती होत नाही, फारच चुकली तर उलट चूक दुप्पटही होते आणि गाडी थरथरते.

आता आवाज. ‘टण्ण’ सांगितलाच, गिअर बदलताना किंवा अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना येतो. दुसरा जास्त फसवा असतो. चिमणीनं चिवचिवावं तसा चिर्र-चिर्र, हळू चालवताना ऐकू येणारा, वेग वाढला की घाई करणारा आणि मग इंजिनाच्या आवाजात बुडून जाणारा. हा कोरडा पडलेला क्रॉस. सुयांमधलं ग्रीस संपलंय आणि गंज धरलाय. हा नीट ऐकायचा असेल तर काचा खाली करून एखाद्या लांब भिंतीला लागून दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रविवारी कारखान्यांच्या कंपाउंडची भिंत यासाठी झकास आहे, खालचा प्रत्येक आवाज भिंतीवर आपटून कानात येतो.

तिसरं लक्षण थरथर. चाकाचं बॅलन्सिंग गेलं तरी गाडी थरथरते, मग फरक कसा करायचा? ताशी 60 ला अशा गाडीचं चाक सेकंदाला साधारण 8 फेरे घेतं आणि शाफ्ट त्याच्या चौपट, म्हणजे तिसाच्या वर. त्यामुळे चाकाची थरथर हलवल्यासारखी लागते, पुढच्या चाकाची असेल तर स्टिअरिंगमध्येच जाणवते. शाफ्टची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी, सीटखालून आणि फरशीतून येते. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही बघून, त्या वेगाला क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन शांत झालं आणि थरथर तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या पलीकडे, म्हणजे शाफ्टमध्ये किंवा चाकांत आहे.

खरा निकाल मात्र खालीच लागतो. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. क्रॉसच्या अलीकडचा योक एका हातात आणि पलीकडचा दुसऱ्या हातात धरून एकमेकांच्या उलट पिळा. मग शाफ्ट वर-खाली ढकलून बघा. कप आणि योकच्या मध्ये केसाएवढी हालचाल दिसली तरी क्रॉस गेला समजा. इथं बरेच जण फसतात. दोन्ही योक मिळून एकत्र थोडे फिरतात, तो क्रॉसचा प्ले, म्हणजे ढिलाई, नसतो. ती डिफरन्शियलच्या दातांमधली मोकळीक, थोडी असायचीच. हलतंय काय ते बघायचं, कप योकमध्ये की सगळंच एकदम? कपाभोवती तांबूस भुकटी साचलेली दिसली तर प्ले नसला तरी आत गंज आहे. वरच्या फरशीवर ग्रीसची गोल रेघ उमटली असेल तर सील फाटलंय. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगचं रबरही दाबून बघा, फाटलेल्या रबराचा आवाज अगदी क्रॉससारखाच येतो.

आणि एक प्रकार असा की हातात प्ले लागतच नाही, थरथर मात्र आहे. शाफ्ट काढल्यावर कळतं, जॉइंट हातानं हलवला की मधोमध खटकन अडकतो. वर्षानुवर्षं एकाच कोनात चाललेल्या सुयांनी दांडीवर खाचा पाडलेल्या असतात. तोही बदलायचा.

सामान आणायला जाताना गाडीचं नाव सांगून भागत नाही, एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक क्रॉस बदललेले सापडतात. कपाचा बाहेरचा व्यास आणि एका कपाच्या पाठीपासून समोरच्या कपाच्या पाठीपर्यंतची लांबी, ही दोन मापं व्हर्नियरनं घ्या. सर्कलिप (कपाला बाहेर येऊ न देणारी स्प्रिंगची कडी) योकच्या बाहेरच्या खाचेत बसते की आतल्या, तेही बघा. जमलं तर जुना क्रॉस काढून सोबत न्या. ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड, असलेला मिळत असेल तर तोच घ्यावा, हे माझं मत. निपल नसलेले बंद क्रॉस चांगले असतात म्हणतात, असतीलही, पण आपल्याकडची काळी माती आणि धूळ बघता मला आत नवं ग्रीस ढकलता येणारा बरा वाटतो. आणि एक गेला असेल तर दोन्ही बदला. दुसऱ्यानं तेवढेच किलोमीटर खाल्लेत, त्याच्यासाठी पुन्हा शाफ्ट उतरवण्यात शहाणपणा नाही.

बाकी हत्यारं बेताचीच. जॅक आणि दोन मजबूत स्टँड, रिंग पाने, सर्कलिप प्लायर, पितळी पंच, हातोडा, मोठा वाईस (वस्तू आवळून धरायचा शिकंजा), दोन गोट्या, म्हणजे पान्याचे सॉकेट (एक कपापेक्षा किंचित लहान आणि एक कप सहज आत मावेल एवढी मोठी), पॉलिश पेपर, गंज सोडवणारं तेल, ग्रीस गन, पांढरा पेंट. आणि चष्मा. सर्कलिप डोळ्याकडेच उडते, हा तिचा धर्म आहे.

सोलापुरात हे काम सकाळी सहाला सुरू करा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी गाडीखालचं लोखंड हातात धरवत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तापलेल्या डांबरात किंवा काळ्या मातीत जॅक आणि स्टँड रुततात. त्यांच्याखाली जाड फळी ठेवल्याशिवाय खाली शिरू नका, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर तर कधीच नाही. अजून एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. शाफ्ट सुटला की गिअर गाडीला धरून ठेवत नाही, पहिल्या गिअरमध्ये असली तरी ती घरंगळते. काही जुन्या जीपमध्ये तर हँडब्रेकही शाफ्टच्या पुढच्या टोकावरच काम करतो, म्हणजे तोही गेला. चाकांचे ठोकळे शेवटपर्यंत हलवायचे नाहीत.

मागचा भाग उचलून अॅक्सल स्टँडवर घेतला आणि हँडब्रेक सोडून गिअर न्यूट्रल ठेवला की शाफ्ट हातानं फिरतो आणि सगळे बोल्ट समोर आणता येतात. पाना लावायच्या आधी खुणा करा. डिफरन्शियलचा फ्लँज (बोल्ट लावायची चकती) आणि शाफ्टचा योक यांच्यावरून एक सलग पांढरी रेघ. शाफ्ट जिथं सरकतो त्या स्प्लाइनच्या, म्हणजे दातेरी सांध्याच्या, दोन्ही भागांवरून दुसरी. शाफ्ट फॅक्टरीत बॅलन्स केलेला असतो आणि वर सांगितलेली योकची रेषही या खुणांनीच सांभाळली जाते. खडूनं केलेली खूण तेलात पुसली जाते, पेंटच लावा.

मग मागचे चार बोल्ट. शेवटचा सोडायच्या आधी शाफ्ट दोरीनं चासीला बांधा, लोंबकळू देऊ नका. सेंटर बेअरिंग असेल तर त्याचे बोल्ट सोडवा. पुढचं टोक गिअरबॉक्समधून ओढून काढायचं असेल तर तिथून तेल गळतं. मागची बाजू उंच ठेवू नये असं वाटतं, पण उलट आहे, मागून गाडी उचलली की गिअरबॉक्स पुढे कलतो आणि मागच्या तोंडातून तेल कमी येतं. तरी प्लास्टिकची पिशवी रबरबँडनं घट्ट बांधून टाका.

शाफ्ट वाईसमध्ये धरताना योक धरा, नळी नको. नळी चेपली की बॅलन्स गेलाच. खाचांमधली घाण खरवडून तेल सोडा आणि चहा पिऊन या. सर्कलिप निघत नसेल तर कपावर पितळी पंचानं आतल्या दिशेला हलकी टिचकी मारा, तिच्यावरचा दाब सुटतो. आता एका कपावर लहान गोटी आणि समोरच्या कपावर मोठी, अशी जोडी वाईसच्या जबड्यात घेऊन आवळत जा. लहान गोटी क्रॉसला ढकलते आणि समोरचा कप मोठ्या गोटीत बाहेर येतो. पूर्ण नाही, निम्मा. तो कप वाईसमध्ये पकडून योकला वर हलके ठोके दिले की सुटतो. मग बाजू बदलून दुसरा. दोन कप निघाले की क्रॉस तिरका करून बाहेर काढता येतो.

गंजून बसलेला असेल तर हाणामारी सुरू होते आणि खरं नुकसान तिथंच होतं. हातोडा योकच्या कानावर (कप बसतो त्या फाट्यावर) पडला की कान वाकतो, अर्ध्या मिलिमीटरनं का होईना. मग नवा कप एक तर जाम बसतो किंवा सैल. अशा वेळी शाफ्ट रिक्षात टाका आणि हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या, दहा मिनिटांत निघतो.

भोकं पॉलिश पेपरनं फक्त साफ करा, घासून मोठी करू नका. सर्कलिपची खाच सुईनं कोरून काढा, तिथं राहिलेला गंजाचा एक कण क्लिप पूर्ण बसू देत नाही. मग नवा कप हातानं भोकात ढकलून बघा. अंगठ्यानं सहज आत गेला तर वाईट बातमी आहे, योक झिजलाय. काही ठिकाणी भोकाच्या कडेला पंच मारून ते आवळून देतात. मी ते करणार नाही. चार महिन्यांत कप पुन्हा फिरायला लागतो, मग योकच बदलावा लागतो.

आता नवा क्रॉस, आणि माझी चूक. कप काढताना सरळ काढायचे. आत आकाराप्रमाणे वीस-तीस सुया असतात आणि त्यांना धरून ठेवायला फक्त ग्रीस असतं. प्रत्येक कपात बोटानं ग्रीसचा थर द्या म्हणजे सुया भिंतीला चिकटून राहतात. क्रॉस योकमध्ये घालताना निपलचं तोंड बघा, बसवल्यावर ग्रीस गन पोचेल अशा बाजूला हवं. एक कप भोकात किंचित सुरू करा आणि क्रॉसची दांडी आतून त्या कपात सरकवा. ही दांडीच सुयांना जागेवर धरते, म्हणून कप आत जाईपर्यंत तिला कपाबाहेर येऊ द्यायचं नाही. वाईसनं दाबत खाचेच्या किंचित आत नेऊन क्लिप बसवा. मग समोरचा कप. आता क्रॉस मधोमध असा धरा की दोन्ही दांड्या दोन्ही कपांत थोड्या-थोड्या आहेत, आणि सावकाश दाबा. मधेमधे क्रॉस हलवून बघत राहा, मोकळा फिरत असेल तर ठीक.

पहिल्या वेळी माझा चौथा कप शेवटच्या दोन मिलिमीटरवर अडला. क्लिप खाचेत जाईना. मी काय केलं, तर गोटी ठेवून दोन सणसणीत ठोके मारले आणि क्लिप बसली! जॉइंट जरा जड वाटला, पण नवा आहे, मोकळा होईल म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात अक्कलकोटहून येताना चिर्र-चिर्र सुरू. उघडला तर एक सुई कपाच्या तळाशी आडवी पडून मोडली होती, तिच्या तुकड्यांनी दांडी ओरबाडली होती आणि कपाच्या तळाला सुईच्या लांबीचा वण उमटला होता. मी चिमट्यानं ते तुकडे वेचत बसलो होतो तेव्हा चाचा आले. “काय करलालास बे? ढेकूण पकडलालास व्हय?” मग कप हातात घेऊन एवढंच म्हणाले, “ठोकलास ना?”

तेव्हा कप शेवटी अडला तर समजा, सुई पडलीय. काढा, सुया मोजून उभ्या करा, पुन्हा ग्रीस, पुन्हा दाबा. क्लिप हाताच्या ताकदीनं खाचेत बसून टक्क वाजली पाहिजे.

चारही क्लिप बसल्यावर जॉइंट थोडा जड लागतो, ते वेगळं. योकच्या बुडावर पितळी हातोडीनं हलके ठोके द्या, कप बाहेर सरकून क्लिपांना टेकतात आणि जॉइंट मऊ होतो. दोन्ही दिशांना सारखा, न अडखळता फिरला पाहिजे. मग लिथियमचं ईपी-2 ग्रीस, चारही कपांच्या सीलमधून डोकावेपर्यंत. नव्या क्रॉसमध्ये जे असतं ते बहुधा गंज न लागण्यापुरतंच असतं. एखाद्या कपातून ग्रीस येत नसेल तर शाफ्ट चारही बाजूंना वाकवून गन पुन्हा मारा.

बसवणं म्हणजे उलटा क्रम. स्प्लाइनची खूण खुणेला, फ्लँजची रेघ रेघेला. फ्लँजच्या कडेवर एक कण माती राहिली तरी शाफ्ट तिरका बसतो, पुसून घ्या. नायलॉनवाले नट पुन्हा वापरू नका, नवे घ्या. चार बोल्ट आडवे-तिडवे आवळत आणा आणि शेवटी टॉर्क पान्यानं, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला. गिअरबॉक्सचं तेल बघा, गळलं तेवढं भरा.

चाचणीला मी हैदराबाद रोडला जातो, तिथं 70-80 चा वेग धरता येतो. आधी रिव्हर्स आणि पहिला गिअर आलटून पालटून, ‘टण्ण’ गेला का? मग हळूहळू वेग. आवाज गेला पण नवी थरथर आली, तर बहुतेक वेळा खुणा चुकलेल्या असतात. फ्लँज अर्धा फेरा फिरवून लावून बघा. स्प्लाइन एक दात जरी इकडेतिकडे झाला असेल तरी काढून नीट बसवावा लागेल. दोन्ही बरोबर असून थरथर असेल तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्या, किंवा तो आधीच कुठं आपटून वाकलाय.

पुढे ग्रीसचा काळ मॅन्युअलप्रमाणे, शेतातल्या किंवा पाण्यातल्या गाडीला त्याच्या निम्म्यावर. वॉशिंग सेंटरच्या पोरांना पाण्याचा फवारा क्रॉसच्या सीलवर जवळून मारू देऊ नका, आणि मारलाच तर घरी येऊन त्याच दिवशी गन लावा, आत शिरलेलं पाणी नव्या ग्रीसबरोबर बाहेर येतं.

शंभरेक किलोमीटर झाले की पाना घेऊन एकदा खाली जा. माझ्या दुसऱ्या खेपेला चारपैकी एक नट पाव फेरा फिरला होता.